विधवा प्रथाबंदीचा ठराव झाला; पण दहाव्याच्या आधी त्या घरात कोण पोचतं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात, बचत गटांच्या ग्रामसंघाचं काम करते. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतेय. जरा लांबण लागेल.

हेरवाडचं नाव तुम्ही मे २०२२ मध्ये ऐकलं असेल. शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत, असा ठराव या गावाने केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला एकत्र होते, तेच हे माणगाव. महिनाभराच्या आत ग्रामविकास विभागाचं परिपत्रकही निघालं आणि राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं आवाहन झालं. पुढे गावोगाव ठराव झाले, फोटो आले, संक्रांतीला विधवा बायकांना घेऊन हळदीकुंकू झाली. हे सगळं मला मनापासून मोलाचं वाटतं. ज्या बाईला वीस वर्षं कुणी सवाष्णींच्या पंगतीत बसवलं नाही, तिच्या कपाळाला भर चौकात कुंकू लागतं, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

पण ठराव झालेल्या गावातसुद्धा काही घरांत बांगड्या फुटतात आणि काही घरांत फुटत नाहीत. हा फरक कशाने पडतो, ते मी इतकी वर्षं बघत आलेय. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. माती होते ती कधी पहाटे, कधी रात्री. सरपंच आणि मेंबर पुरुष मंडळींबरोबर स्मशानाच्या वाटेला असतात. घरात उरतात त्या बायका. तिरडी उचलताना म्हणा, रक्षाविसर्जनाला म्हणा किंवा दहाव्याला नदीवर म्हणा, जे काही व्हायचं ते त्या बायकांच्या घोळक्यात होतं. तिथे जी वडीलधारी बाई बसलेली असते तिचा शब्द चालतो. ती 'राहू दे' म्हणाली की राहतं. ती गप्प बसली की बाकीच्या पुढे होतात.

ही वडीलधारी बाई बहुतेक वेळा स्वतःच विधवा असते. तिच्यावर हे सगळं होऊन गेलेलं असतं. ती दुष्ट नसते. 'केलं नाही तर उद्या लोक पोरीवर बोट ठेवतील' ही भीती तिच्या पोटात असते. म्हणून आम्ही आमच्या ग्रामसंघात व्याख्यानं बंद केली आणि या आज्ज्यांकडे गेलो. प्रत्येक गल्लीत अशा दोघी-तिघी असतात. त्यांच्याशी बोलताना हक्क, कायदा असं काही काढलं नाही. तुमच्या वेळी काय झालं, एवढंच विचारलं. एकेक बाई तासतासभर बोलली. त्यातली एक मग स्वतःच्या सुनेपाशी भिंतीला टेकून बसून राहिली. 'माझ्या येळंला आडवं याला कोण न्हवतं, हिला कुणी हात लावायचा न्हाई,' एवढंच तिचं बोलणं. त्या घरात कुणाची छाती झाली नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. याच दहा-बारा दिवसांत, ती बाई शुद्धीवर नसताना, घरात कागद फिरतात. दीर म्हणतो, बँकेसाठी सही लागते. सासरा म्हणतो, सोसायटीच्या कर्जाचं बघायचंय. ती सही करते. वर्षभराने कळतं की सात-बाऱ्यावर तिचं नावच नाही. कपाळाचं कुंकू राहिलं आणि पायाखालची जमीन गेली, तर आपण काय केलं?

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुमच्या गावात अशा घरात सगळ्यात आधी कोण पोचतं? आणि त्या माणसाच्या हातात आपण काय देऊ शकतो?

आडवाटेचा_गावकरी

ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी सोलापूर जिल्ह्यात ग्रामसेवक आहे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं). पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो.

गावातल्या मृत्यूची नोंद माझ्याकडे होते. नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणजे त्या मुदतीत त्या घरातलं कुणीतरी माझ्या टेबलापाशी येतंच. ती स्वतः येत नाही, दीर किंवा पुतण्या येतो. दाखल्याच्या प्रती घेऊन जातो. त्या कुटुंबाचा सरकारशी पहिला संबंध येतो तो इथे. गेली काही वर्षं मी एक करतो. नवरा गेला असेल तर दाखल्याची एक प्रत त्या बाईच्या हातात स्वतः द्यायची. घरी जाऊन, किंवा अंगणवाडी सेविकेच्या हाती पाठवून. सोबत एक साधा कागद, कुठे काय मिळतं ते लिहिलेला. नियमात असं करायला कुणी सांगितलेलं नाही, पण अडवलेलंही नाही.

ग्रामसभेबद्दलही सांगतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत, आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा बऱ्याच गावांत रजिस्टरावरच होते. ती खरोखर भरवा. विधवांच्या वारस नोंदींचा विषय तिथे आला आणि ठरावात उतरला, तर मोठ्या ग्रामसभेला तो टाळता येत नाही. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जे कमी असेल तो. बचत गटाच्या बायका ठरवून आल्या तर कोरम त्या एकट्या भरून काढतात. मी हे होताना पाहिलंय, आणि त्या दिवशी सभेचा नूर वेगळाच असतो.

समीर_ठाणे

लेख वाचून अस्वस्थ झालो. पण स्पष्ट विचारतो, परिपत्रक मोडलं तर काय होतं? काहीच नाही. ठराव मोडला तर? तेही काही नाही. मग सरळ कायदाच का होत नाही? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने केला. मग विधवेचा अपमान करणाऱ्याला शिक्षा का नको?

भजनी_मंडळ

समीर, थोडं सबुरीने. मी वारकरी घरातला, गावात कीर्तनाची सेवा करतो. ज्या घरात माणूस गेलाय तिथे पोलीस पाठवणार का? आणि पोलीस कुणाला धरणार, तर सत्तर वर्षांच्या आजीला. ती प्रथा तिनेच चालवली ना. त्याने त्या सुनेचं घरात राहणं सोपं होईल की अवघड?

धागाकर्त्या ताईंनाही एक सांगायचंय, राग मानू नका. दहाव्याच्या आधी घरात जाऊन जमिनीचे कागद काढणं मला पटत नाही. दुःखाचे दिवस आहेत ते. त्या बाईला रडायला तरी मोकळीक हवी. बाहेरचं माणूस सात-बाऱ्याचं बोललं तर घरातले म्हणतील, आग लावायला आले. कीर्तनातून, दहाव्याच्या प्रवचनातून प्रथेबद्दल बोलता येतं आणि लोक ऐकतात. मी स्वतः बोलतो. कागदांचं नंतर बघता येईल.

वकीलताई_लातूर

समीर, कायद्याची मागणी चुकीची नाही. आज जे हातात आहे तेही कमी नाही, ते आधी वापरू. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा कायदा २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. कुंकू ठेवलं म्हणून जातपंचायतीने किंवा भावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, तर तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बांगड्या फोडल्याबद्दल आजीला आत टाकायची गरज नाही. बांगड्या *न* फोडणाऱ्या घराला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे आहे, आणि गावात तो कुणाला माहीत नसतो.

भजनी मंडळ, तुमचा मुद्दा मला कळतो, पण माझ्या टेबलावर जे येतं ते सांगते. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या बाया माझ्याकडे 'नंतर'च येतात, म्हणजे सही झाल्यावर. म्हणून त्या दिवसांत तिच्याशी जमिनीवर चर्चा करू नका, पण एक वाक्य तिच्या कानावर घाला: *दाखवलेल्या कुठल्याही कागदावर आत्ता सही करू नको, नंतर वाचून करू.* एवढ्याने तिचं रडणं अडत नाही.

बाकी कायदा थोडक्यात. (हे हिंदू वारसा कायद्याबद्दल आहे, इतरांबद्दल कुणी लिहिलं तर बरं.) नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे सारखे वारस. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल, सासरा हयात असेल, तरी नवऱ्याच्या नावचा जो हिस्सा धरला जातो त्यात ती वारस असते. हा हक्क नवरा गेला त्या क्षणीच तिला मिळतो. पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी तो जात नाही. 'लग्न केलंस तर जमीन सोडावी लागेल' हे गावोगाव ऐकवलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका.

हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा कागद) साध्या स्टॅम्पपेपरवर होत नाही, जमिनीचं असेल तर ते नोंदणीकृतच लागतं. तेव्हा कुणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात 'फक्त अंगठ्यासाठी' चल म्हणालं, तर तिथेच थांबायचं.

घरातून काढण्याबद्दल: मे २०२२ मध्येच, म्हणजे हेरवाडचा ठराव गाजत होता त्याच दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात सांगितलं की विधवेला सासरच्या सामायिक घरात राहायचा हक्क आहे, प्रत्यक्ष ती तिथे राहत नसली तरीही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा इथे कामी येतो. आणि वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००.

आशा_परभणी

मी गावातली आशा (आरोग्य) कार्यकर्ती आहे. पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर समजून घ्या.

ताईंनी विचारलं ना की सगळ्यात आधी कोण पोचतं. आम्हीच पोचतो. आमच्या गावात कुणी गेलं तर नोंद आम्हाला ठेवावी लागते. त्या घरात लेकरू असतं, त्याचं लसीकरण असतं, कधी ती बाईच गरोदर असते. मला त्या घरात जायला कुणी अडवत नाही. मी सून म्हणून आलेली, गावातली, जातीतली-परजातीतली सगळी घरं मला माहीत. भजनी मंडळ दादा म्हणतात बाहेरचं माणूस आग लावतं, पण आम्ही बाहेरच्या नाहीच.

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी घरं खूप. नवरा तिकडे कारखान्यावर गेला (अपघात, साप, दारू, काहीही), तर मृत्यूची नोंदही तिकडेच होते. दाखला आणायला परत तिकडे जावं लागतं. उचल फिटली नाही म्हणून मुकादम तिच्याकडे पैसे मागतो. तिला वाटतं हे आपल्यावरच आहे. अशा बाईला कुंकवाचं कुणी विचारतसुद्धा नाही, ती चौथ्या दिवशी कामाला लागते.

मी एक शिकले ते सांगते. तिच्या नवऱ्याचं बँकेचं पासबुक बघायचं. त्यात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा असतो, दोन लाखांचा. वीस रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, तोही दोन लाखांचा, पण अपघात असेल तरच. घरच्यांना हे माहीतच नसतं, खातं काढताना कुणीतरी फॉर्म भरून घेतलेला असतो. आमच्या गावात एका घराला असे दोन लाख मिळाले. तिने त्यातून शिलाई मशीन आणि दोन शेळ्या घेतल्या, उरलेले पोरीच्या नावावर ठेवले.

पंचगंगाकाठ

आशाताई, तुमचं काहीच चुकलं नाही. पासबुकाचं आम्ही कधी सांगितलं नव्हतं, उद्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत पहिलं हेच घेते.

भजनी मंडळ दादा, तुमच्या म्हणण्याचा मी मान ठेवते. दुःखाच्या घरात कसं वागायचं याची रीत आपल्या माणसांना असते, ती मोडायची नाही. पण त्या घरातलेच कुणी तिच्या दुःखाचा फायदा घेत असतील, तर तिच्या बाजूने निदान एक माणूस जागं असायला हवं ना? वकीलताईंचं ते एक वाक्य आमच्या आज्ज्यांना सांगता येईल. 'पोरी, सही करू नगंस' हे आजी सहज म्हणू शकते.

जुनी_पाने

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिक मंडळींना एकत्र बोलावलं आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पुढे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पण लोखंड्यांचं काम मला वेगळं वाटतं. प्रथा ज्यांच्या हातून घडते त्यांनीच हात आखडता घेतला की ती पुढे जाऊच शकत नाही. बाईला लढायला सांगितलं नाही, समाजसुधारकांनी घरोघर जाऊन भांडणंही केली नाहीत. वस्तरा ज्याच्या हातात होता त्याला विश्वासात घेतलं.

आज तो वस्तरा कुणाच्या हातात आहे? दहाव्याचा विधी सांगणारे गुरुजी, जंगम, गुरव, नदीवर बसणारे नाभिक, बांगड्या भरणारे कासार. यांच्या संघटना आहेत, जातवार मेळावे होतात, व्हॉट्सॲप गट आहेत. त्यांच्यापर्यंत कोण गेलंय?

भजनी_मंडळ

हे पटलं. आमच्या पंचक्रोशीत दहाव्याला प्रवचन असतं, आणि प्रवचनकारांची यादी आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पंधरा-वीस जणच असतील. त्यांना एकत्र बसवणं मला शक्य आहे. पिंडदानाच्या आधी जी दहा मिनिटं मिळतात, त्यात एकच विनंती करायची: या माउलीला कुणी काही उतरवायला सांगू नका. बाकी निरूपण आपापलं.

वकीलताई, 'सही करू नको' हेही मी प्रवचनात बोलेन. नाव न घेता, सगळ्यांनाच उद्देशून.

शमा_नगर

अहिल्यानगरहून. वर कुणीतरी इतर धर्मांबद्दल लिहा म्हटलं, म्हणून.

आमच्याकडे बांगड्या-कुंकवाचा प्रश्न त्या रूपात नाही, पण इद्दत असते, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस. त्या काळात ती बाई शक्यतो घराबाहेर पडत नाही, आणि जे काय फॉर्म भरायचे, ऑफिसात जायचं, ते सगळं तेव्हाच असतं. घरातले पुरुष म्हणतात आम्ही बघतो. मग तेच बघतात.

हक्काचं म्हणाल तर शरियतमध्ये तिचा वाटा ठरलेला आहे. मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. आणि मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) दिलेली नसेल तर ते नवऱ्यावरचं कर्ज आहे, वाटण्या करण्याआधी फेडायचं. हे जुम्म्याच्या बयानात सांगायला कुठल्याही मौलानाची ना नसते, कारण ते दीनमध्येच, म्हणजे धर्मातच आहे. आम्ही बायकांनी आमच्या मोहल्ल्यात मौलाना साहेबांना फक्त विनंती केली की जनाज्याच्या आठवड्यात जे बयान होतं त्यात मेहर आणि आठव्या हिश्श्याचं एकदा बोला. ते बोलले. दोन घरांत मेहर दिली गेली.

इद्दतमधल्या बाईकडे आमच्यातलीच एक सेतू केंद्र चालवणारी मुलगी लॅपटॉप घेऊन जाते. अर्ज घरातच भरतो.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिक्षक आहे. वकीलताईंच्या माहितीला एक जोड: हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे वरची माहिती जशीच्या तशी आमच्या पाड्यांवर सांगितली तर चुकीचं सांगितल्यासारखं होईल. इथे रूढी चालते आणि रूढी म्हणजे बहुतेक वेळा भाऊबंद सांगतील ते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाच्या प्रकरणात स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला वाटा नाकारता येणार नाही असं म्हटलं. चांगलंय, पण पाड्यावरच्या बाईला न्यायालयापर्यंत जाणं हे दुसरंच डोंगर चढणं आहे.

आमच्याकडे उपयोगी पडतो तो वनहक्क कायदा, २००६. त्यात वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा असतो. नवरा गेला तरी तिचं नाव आधीपासून कागदावर असतं. ज्या पट्ट्यांवर एकट्या पुरुषाचंच नाव आलंय ते शोधून, नवरा *हयात असतानाच* दुरुस्त करून घेणं, हे काम वनहक्क समितीतल्या बायका करू शकतात. विधवा होण्याची वाट कशाला बघायची?

वकीलताई_लातूर

सातपुडा सर, महत्त्वाची दुरुस्ती, धन्यवाद. आणि तुमचं शेवटचं वाक्य बिगर-आदिवासी गावांनाही लागू आहे. गावठाणातल्या घराच्या नोंदीवर, नमुना ८ वर, पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. शासनाचं धोरण गेली दोन दशकं तेच आहे. ग्रामसेवक दादांनी एका ग्रामसभेत हा विषय घेतला तर गावातल्या सगळ्या बायकांचं नाव घरावर लागेल, सवाष्ण-विधवा असा भेदही उरणार नाही.

वारस नोंदीसाठी: तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, ऑनलाइन ई-हक्कवरूनही अर्ज होतो. फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस निघते, तिची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नोटिशीवर वारसांची नावं असतात. ती कुणीतरी वाचली पाहिजे, कारण तिचं किंवा मुलींचं नाव गाळलेलं असेल तर हरकत तेव्हाच घ्यायची. २०२५ मध्ये 'जिवंत सात-बारा' मोहिमेत बऱ्याच जुन्या नोंदी झाल्या. तुमच्या गावातल्या राहिल्या असतील तर यादी काढा.

मुक्ता_टोरांटो

सांगली जिल्ह्यातली, सध्या कॅनडात. बाबांची तब्येत बरी नाही, आईबाबा दोघंच गावी असतात. हा धागा वाचताना हेच डोक्यात होतं की वेळ आली तर मी पोचेपर्यंत दोन दिवस जातील. तोवर आईजवळ कोण असेल? आत्तापासून काही करता येतं का?

पंचगंगाकाठ

मुक्ताताई, येतं. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे, ज्यांच्या पुढाकारातून या ठरावांची चळवळ उभी राहिली, त्यांनी स्वतःच्या हयातीत प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की माझ्यानंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये. त्यानंतर इतर पुरुषांनीही तसं लिहून दिलं. कायद्याने ते बंधनकारक असण्या-नसण्यापेक्षा घरात त्याचं वजन असतं. गेलेल्या माणसाची इच्छा म्हटलं की मोठी मोठी माणसं गप्प होतात. बाबांशी बोला. त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या किंवा फोनवर बोलून ठेवलं आणि ते आईच्या बहिणीकडे, जावेकडे, शेजारणीकडे, अशा दोघी-तिघींकडे असलं तरी पुरे. आणि आईशीही बोला. काय ठेवायचं, काय काढायचं हे तिनेच ठरवायचं. तिला स्वतःहून कुंकू नको वाटलं तर तोही तिचाच निर्णय. आमच्या ग्रामसंघात यावर मोठा वाद झाला होता. काही मुली म्हणत होत्या की प्रत्येकीने लावलंच पाहिजे. मला ते मान्य नाही. पुसायची सक्ती जितकी वाईट तितकीच लावायची.

गाव कुठलं ते निरोपातून कळवा. त्या भागातल्या ग्रामसंघाच्या अध्यक्षांशी तुमची गाठ घालून देते.

समीर_ठाणे

कायद्याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण वाट बघत बसायचं नाही हेही पटलं. मला डिझाइन येतं. तुम्ही मजकूर द्या, मी एका पानाचा कागद करतो. मोठी अक्षरं, पाठपोट नाही.

आडवाटेचा_गावकरी

समीर, कागदात योजनाही घ्या. संजय गांधी निराधार योजना: विधवेला दरमहा १५०० रुपये, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. (ही मर्यादा इतकी जुनी आणि तुटपुंजी आहे की मजुरी करणारी बाईसुद्धा तिच्यात बसत नाही. ती वाढवावी म्हणून प्रत्येक ग्रामसभेतून ठराव जायला हवेत, आमच्या गावातून गेलाय.) राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर एकरकमी २०,०००. दोन्हींचे अर्ज तहसीलमध्ये. मृत्यू दाखला, उत्पन्न दाखला, रहिवासी, आधार, तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं. खातं नवऱ्याबरोबरचं संयुक्त असेल तर आधी नवं काढायला लावा.

वकीलताई_लातूर

आमच्याकडे मराठवाड्यात कोरो संस्थेच्या पाठबळावर एकल महिला संघटना उभी राहिलीय. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित, अविवाहित अशा बायकांची. या संघटनेतल्या कार्यकर्त्या तहसीलमध्ये स्वतः अर्ज घेऊन बसतात. कागद वाटून झाल्यावर 'पुढे कुणाकडे जायचं' हा प्रश्न येतोच, तेव्हा प्रत्येक तालुक्यात अशा दोघी-चौघी माहीत असल्या पाहिजेत. कागदाच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या ठेवा, त्या त्या गावाने स्वतःच्या माणसांची नावं लिहायची.

आशा_परभणी

समीर दादा, आमच्याकडच्या खूप बाया वाचत नाहीत. कागदाबरोबर आवाजही भरून द्या, व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा. दोन मिनिटांच्या वर नको. पुरुषाचा आवाज नको.

सातपुडा

आवाजाचं आशाताईंचं अगदी बरोबर. मजकूर पक्का झाला की भिली आणि पावरीत मी करून घेतो. शाळेतल्या दोन स्वयंपाकीण बाई छान बोलतात. वारसा कायद्याचा भाग वगळून वनहक्काचा भाग घालावा लागेल, तो वकीलताईंनी एकदा तपासून द्यावा.

पंचगंगाकाठ

मजकुराचा पहिला खर्डा उद्या रात्रीपर्यंत इथेच टाकते. क्रम असा धरतेय: आत्ता कशावरही सही नाही, दाखल्याची एक प्रत तुझ्याजवळ, पासबुक बघ, तीन महिन्यांत वारस नोंद, मग योजना, शेवटी १५१०० आणि गावातली दोन नावं. शमाताई, इद्दत आणि मेहरचा परिच्छेद तुम्ही लिहाल का? तुमच्या मोहल्ल्यात ज्या शब्दांत सांगता, तसाच.

शमा_नगर

लिहिते. जुम्म्याला मौलाना साहेबांना दाखवून शनिवारी टाकते.